एका टाकीला दोन नळ

लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट बरेच दिवस येत होती. 'नवी सिस्टिम तयार आहे. आता अपग्रेड करायचं, की नंतर आठवण करू?' बायको रोज इमानेइतबारे 'नंतर' दाबायची. त्या दिवशी मी 'आता' दाबलं. माझ्या हातून झालं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप घडलं असं मी तेव्हापासून सांगतोय, पण घरात ते कुणी मनावर घेत नाही.

लॅपटॉप बायकोचा होता हे मान्य. 'आज त्याला हात लावू नकोस' असं तिने सकाळीच बजावलं होतं, हेही मान्य. पण तिने बजावलं म्हणूनच तर मला काळजी वाटायला लागली ना. अकरा वाजता त्याच लॅपटॉपवर तिचा इंटरव्ह्यू होता. बायको पुलांची इंजिनिअर आहे. मुलगी लहान असताना तिने नोकरी सोडली, आणि मग घरातली पुस्तकांची फळी किती वजन पेलेल एवढ्यावरच तिचं इंजिनिअरिंग येऊन थांबलं. यंदा मुलगी होस्टेलला गेली आणि बायकोने पूल बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीत अर्ज टाकला. आधीच्या फेऱ्या पार पडल्या होत्या. ही शेवटची. इतक्या वर्षांच्या खंडानंतर कुणी पुन्हा दारात उभं करेल याची तिलाच खात्री नव्हती. ती तसं बोलली नाही, पण सकाळपासून नुसता चहा ढवळत होती आणि पीत नव्हती.

तेव्हा मी विचार केला. (मी विचार करायला लागलो की आमच्या घरातली माणसं जवळच्या वस्तू हातात घेऊन सुरक्षित जागी ठेवतात.) समजा, ऐन इंटरव्ह्यूत ती चौकट उगवली आणि लॅपटॉपने स्वतःच्या मनाने अपग्रेड सुरू केलं तर? पुलाचं काम पुलाच्या मध्यावरच राहायचं. त्यापेक्षा आत्ताच उरकून टाकलेलं बरं. बायको आंघोळीला गेली होती. सासूबाई हॉलमध्ये कानाला वायर लावून मोबाइलवर मालिका बघत होत्या. मी दाबलं.

आता थोडं माझ्याविषयी सांगतो, म्हणजे पुढच्या गोष्टीला मी किती लायक होतो ते कळेल. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचा हेड क्लार्क आहे. लोक फोन करतात, नळाला पाणी नाही म्हणतात, आणि मी शांतपणे सांगतो, "आमच्याकडून पाणी व्यवस्थित सुटतंय. प्रॉब्लेम तुमच्या घरातच असेल." हे वाक्य माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की एकदा मी ते झोपेत म्हणालो आणि बायको उठून नळ बघून आली. सांगायचा मुद्दा असा की मला जगातली प्रत्येक गोष्ट पाण्याच्या हिशेबाने कळते. इंटरनेट म्हणजे तरी काय? बाहेरून लाइन येते, राउटरमध्ये साठतं, तिथून घरभर जातं. म्हणून आमच्या वायफायचं नावसुद्धा मी 'मुख्य टाकी' ठेवलंय. 

तर अपग्रेड सुरू झालं आणि रखडलं. पडद्यावरचा आकडा हलेना. तिकडे बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबायच्या बेतात आलेला. आणि त्या क्षणी मला जे सुचलं ते आठवून आजही माझ्या अंगावर काटा येतो. (कारण बदललंय.) प्रेशर कमी पडतंय ना? मग दुसरा नळ जोडा. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला तर दोन्हीकडून धार पडेल. पण लॅपटॉपच्या ओळखीची टाकी एकच, आणि नव्या टाकीची ओळख करून द्यायला वेळ कुणाला होता? मग मी काय केलं, माझ्या हॉटस्पॉटलाच नाव दिलं 'मुख्य टाकी'. पासवर्डही घरच्या वायफायचाच. बिचाऱ्या लॅपटॉपला काय कळणार कुठला नळ कुठला.

आकडा धावायला लागला. मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचलो. असली युक्ती कंपनीच्या मोठमोठ्या लोकांना सुचली नसती. मोबाइल पँटच्या खिशात टाकला आणि ती गोष्ट माझ्या डोक्यातून साफ निघून गेली. (तुम्ही मात्र ती लक्षात ठेवा.)

बायको केस पुसत आली तेव्हा अपग्रेड संपलेलं होतं आणि पडद्यावर बर्फाचा एक डोंगर होता.

"माझा पूल कुठे गेला?" तिने विचारलं. तिथे तिने नोकरीतल्या पहिल्या पुलाचा फोटो लावलेला असायचा.

"पूल आहे गं. डोंगराच्या मागे असेल."

"तू हात लावलास?"

"हात नाही, फक्त एक बोट."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत नेमकं काय होतं ते मी सांगत बसत नाही, विवाहित वाचकांना माहीत आहे आणि बाकीच्यांना इतक्यात घाबरवायला नको. तिने पुलाचे आराखडे उघडून बघितले. सगळं जागच्या जागी होतं. मी छाती पुढे काढून म्हटलं, "बघ, पहिल्यापेक्षा फास्ट चालतंय."

"आईबरोबर एकदा रंगीत तालीम करते," ती म्हणाली. "तू बाहेर थांब."

ठरलं असं की सासूबाईंनी हॉलमध्ये बसून मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावायचा आणि इंटरव्ह्यू घ्यायचा. सासूबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा बदलला, पाठ ताठ केली आणि स्वतःच्या पोटच्या मुलीला विचारलं, "नाव?"

मी अर्थातच बाहेर थांबलो नाही. सगळं नीट चाललंय ना हे बघायला खोलीत डोकावलो. त्याबरोबर बायकोच्या पडद्यावर सासूबाईंचा चेहरा एक भुवई वर करून थिजला. मी पुढे झालो, माउस हातात घेतला, आणि काही करायच्या आतच चेहरा हलायला लागला.

"झालं," मी म्हणालो आणि हॉलकडे निघालो. हॉलमध्ये पाऊल टाकतोय तोच सासूबाई म्हणाल्या, "अडकली परत. तोंड उघडं ठेवून अडकली आहे." मी धावत खोलीत गेलो. पोचलो, दोन क्षण चक्र फिरलं आणि कनेक्शन आलं. परत हॉलमध्ये आलो. गेलं. खोलीत गेलो. आलं.

"अपग्रेड करायची ही वेळ होती का?" बायकोचा आवाज आता पुलाच्या दोरखंडासारखा ताणलेला होता. "काल रात्रीपर्यंत एकदाही तुटलं नव्हतं."

हा टोमणा मला लागला. मी चवताळून कामाला लागलो. इंटरनेटवर शोधलं तर माझ्यासारखे दुःखी लोक जगभर पसरलेले निघाले. प्रत्येकाचं नव्या सिस्टिमवर वायफाय तुटत होतं आणि प्रत्येकाला कुणीतरी वेगळा उपाय सांगत होतं. एकाने लिहिलं होतं की सिस्टिम वीज वाचवायला वायरलेस कार्डाला झोपवते, त्या पर्यायापुढची खूण काढा. मी खूण काढली. दुसऱ्याने लिहिलं, राउटर बंद करून चालू करा. मी केला. सासूबाईंची मालिका गेली, त्यांनी एक सुस्कारा सोडला. तिसऱ्याने लिहिलेलं वाचून मात्र मी उडालोच. 'राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये पाणी असेल तर लहरी अडतात.'

पाणी. माझा विषय. राउटर हॉलमध्ये, लॅपटॉप खोलीत, आणि मधल्या पॅसेजमध्ये काय होतं? सासूबाईंची माशांची पेटी.

"आई, मासे हलवायचे," मी जाहीर केलं.

"कालपर्यंत मासे तिथेच होते आणि इंटरनेटही चालत होतं," सासूबाई म्हणाल्या. गणिताची माणसं अशी नको तिथे आडवी येतात.

"नव्या सिस्टिमला चालत नसतील."

पेटी उचलणं हे वाचायला जितकं सोपं वाटतं तितकं नाही. मी एकीकडून, सासूबाई दुसरीकडून. पाणी एका बाजूने दुसरीकडे जातं आणि मासेही त्याच्याबरोबर जातात. बाथरूमच्या उंबऱ्यावर मी अडखळलो आणि कमरेखाली चिंब झालो. मासे सुखरूप होते. मोबाइलही वाचला, कारण मी तो प्रसंगावधान राखून शर्टाच्या खिशात हलवला होता. (त्या दिवशी मी दाखवलेलं हे एकमेव प्रसंगावधान, आणि तेही नसतं तर सगळ्यांचं भलं झालं असतं.)

मासे हलवूनही कनेक्शन तुटायचं ते तुटतच राहिलं. शेवटी मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. बाल्कनीत उभा राहून फोनवरच्या मुलीला सगळी हकिकत सांगितली, अगदी माशांसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, आमच्याकडून लाइन व्यवस्थित येतेय," ती म्हणाली. "प्रॉब्लेम तुमच्या घरातच असेल."

माझं डोकं फिरलं. म्हणजे काय? माणूस अडचणीत आहे, घरात इंटरव्ह्यू आहे, पँट ओली आहे, आणि तुम्ही पाठ केलेलं वाक्य तोंडावर फेकता? मी तिला खूप सुनावलं. ती म्हणाली, "तक्रार नोंदवली आहे." हे वाक्यही माझंच आहे, आणि त्याचा अर्थ काय असतो हे मला चांगलंच माहीत असल्यामुळे मी गलितगात्र होऊन आत आलो.

आणि इथे सासूबाईंनी ते ऐतिहासिक निरीक्षण नोंदवलं. त्या इतका वेळ पॅसेजच्या तोंडाशी उभ्या राहून माझ्या येरझाऱ्या बघत होत्या.

"जावईबापू, तुम्ही खोलीतून बाहेर पडलात की तुटतं," त्या म्हणाल्या. "आत जाऊन उभे राहिलात की चालतं. मी आत्ता परत परत बघितलं. तुम्ही तिथेच बसा बघू."

मी थक्क झालो. म्हणजे यंत्र मला घाबरतं? डॉक्टर समोर आले की दाढ दुखायची थांबते तसं? लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंनी मला 'तुम्ही तिथून उठा' असं अनेकदा सांगितलं होतं. 'तिथेच बसा' हे पहिल्यांदाच. मला खरोखर भरून आलं. आपल्या नुसत्या असण्याने बायकोचं कल्याण होतंय यापेक्षा नवऱ्याला आणखी काय पाहिजे? काही न करता उपयोगी पडणं ही माझी जुनी इच्छा होती.

बायकोचा मात्र विश्वास बसेना. "याला काही अर्थ आहे का? माणसाने वायफाय कसं चालेल?"

"चालतंय ना? मग अर्थ नंतर काढू," सासूबाई म्हणाल्या. घड्याळात अकरा वाजायला आले होते, त्यामुळे बायकोने हात टेकले.

मला टेबलाच्या शेजारी एका बुटक्या स्टुलावर बसवण्यात आलं, कॅमेऱ्यात डोकं दिसणार नाही असं. ओली पँट बदलून येतो म्हटलं तर मायलेकी एका सुरात म्हणाल्या, "हलायचं नाही." मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. डोक्यावर पंखा गरगरत होता.

इंटरव्ह्यू सुरू झाला. पडद्यावर तीन जण होते. मधोमध पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला जाड काचांच्या चष्म्यातल्या एक बाई, आणि कडेला एक टकले गृहस्थ, जे काहीच बोलत नव्हते. मला खालून फक्त अर्धा पडदा तिरका दिसत होता, पण बायकोचा चेहरा पूर्ण दिसत होता. आणि तुम्हाला सांगतो, मी ती बायको कधी बघितलीच नव्हती. शाळेजवळच्या रस्त्यावर मुलांसाठी पादचारी पूल कसा बांधता येईल ते ती सांगत होती. मुलं चालत नाहीत, पळतात, आणि सगळी एकदम पळतात, म्हणून पुलाचा हिशेब पळणाऱ्या मुलांचा धरायला हवा, असं म्हणताना तिचे डोळे चमकत होते. अध्यक्ष 'हं, हं' करत पुढे सरकले. चष्मेवाल्या बाई लिहून घ्यायला लागल्या. नोकरी मिळत होती. मला स्टुलावरून ते स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात मला शिंक आली.

आली म्हणजे निघाली, अजून पोचली नव्हती. ओली पँट आणि वर पंखा, दुसरं काय होणार. मी नाक दाबलं. श्वास कोंडला. समोर दोन वाटा होत्या. इथे शिंकावं तर कमिटी ऐकणार, बाहेर पळावं तर कनेक्शन तुटणार. मी हिशेब केला की पटकन जाऊन पटकन आलो तर निभावेल. रांगत दारापर्यंत पोचलो, पॅसेजमधून हॉलपर्यंत धावलो आणि मोकळा झालो. मी शिंकतो तेव्हा शेजारचे लोक दार उघडून बघतात, हे आधी सांगायला हवं होतं.

परत आलो तर पडदा थिजलेला. मी स्टुलावर टेकलो आणि अध्यक्ष हलायला लागले. "...मॅडम, ऐकू येतंय का?"

"सॉरी सर, येतंय," बायको म्हणाली आणि डाव्या पायाने मला टेबलाखालून हाणलं.

ती पुन्हा रंगात आली. मलाही पुन्हा शिंक आली. परत रांगणं, परत धाव, परत स्फोट. मी आलो तेव्हा अध्यक्षांची मिशी अर्धवट वर थिजली होती. तिसऱ्या वेळी तर मी दारातच फुटलो आणि तसाच पुढे हॉलमध्ये गेलो, कारण चौथीही मागोमाग होती. परत आलो. बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ घट्ट मिटलेले. ती रडेल की काय असं मला वाटलं. इतक्या वर्षांनी मिळालेली संधी माझ्या नाकातून निघून चालली होती.

पडदा हलला. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? तुमच्याकडे कुणीतरी शिंकतं, आणि मग तुम्ही थिजता. दर वेळी. याच क्रमाने."

बायकोने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यात रडू नव्हतं. मघाशी पळणाऱ्या मुलांविषयी बोलताना होती ती चमक परत आली होती.

"सर, शिंक हे कारण नाही," ती सावकाश म्हणाली. "शिंकणारा आहे. तो शिंकायला बाहेर जातो. तो इथे असला की चालतं, तो हलला की तुटतं."

"तो म्हणजे कोण?"

"माझा नवरा. टेबलाआड बसलाय."

"बाहेर बोलवा," अध्यक्ष म्हणाले.

मी टेबलाआडून उगवलो. कमिटीला माझं पहिलं दर्शन झालं ते असं, की वर इस्त्रीचा शर्ट, खाली ओली पँट आणि मध्ये लाल नाक. मी नमस्कार केला. चष्मेवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"जरा चालून दाखवा," अध्यक्ष म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. "बाहेर जा आणि परत या."

मी गेलो. आलो. मागे मला बायकोचा आवाज ऐकू येत होता, "आत्ता तुटलं सर... आत्ता आलं." पुन्हा गेलो, पुन्हा आलो. हळू चाललो, भरभर चाललो. माझ्यासारख्या माणसाच्या चालण्याकडे इंजिनिअरांची अख्खी कमिटी इतक्या उत्सुकतेने बघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तर थोडा ऐटीतच चालायला लागलो.

आणि इतका वेळ मुके बसलेले टकले गृहस्थ एकदम पुढे झुकले. "फिरता भार," ते म्हणाले, "पुलावरून जाणाऱ्या गाडीसारखा."

"अगदी बरोबर, सर," बायको म्हणाली. "फक्त तो नेमका कशाचा आहे ते बघायचंय." मग ती माझ्याकडे वळली. "एकेक वस्तू काढ. घड्याळ."

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि हॉलमध्ये जाऊन आलो. तुटलं.

"किल्ल्या."

किल्ल्या ठेवल्या. तुटलं.

"चष्मा."

चष्मा काढला. दाराच्या चौकटीवर आपटलो. तुटलं. (कनेक्शन. चौकट शाबूत आहे.)

"मोबाइल."

मोबाइल टेबलावर ठेवला आणि गेलो. हॉलपर्यंत गेलो, तिथून बाल्कनीत गेलो, मासे बघून आलो. कनेक्शन ढिम्म हललं नाही. मी परत आलो तेव्हा बायकोच्या हातात माझा मोबाइल होता. पडद्यावर तीन इंजिनिअर श्वास रोखून बसले होते आणि दारात सासूबाई उभ्या होत्या.

"तुझा हॉटस्पॉट चालू आहे," बायको म्हणाली. "आणि त्याचं नाव 'मुख्य टाकी' आहे."

तेव्हा मला आठवलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं, तुमचं काय जातंय.

"सकाळी प्रेशर कमी होतं," मी पुटपुटलो. "म्हणून दुसरा नळ जोडला."

"पासवर्डही तोच?"

"लक्षात ठेवायला सोपं."

बायको पडद्याकडे वळली आणि एखाद्या पडलेल्या पुलाचा अहवाल वाचावा तशी शांतपणे म्हणाली, "सर, एकाच नावाचे, एकाच पासवर्डचे दोन स्रोत. लॅपटॉपला ते एकच वाटतात आणि जो जवळ असेल त्याला तो चिकटतो. हा आत आला की लॅपटॉप याच्या खिशाला चिकटतो, हा बाहेर गेला की परत राउटरला. दर बदलीला कॉल तुटतो. अपग्रेडचा काही दोष नाही. माशांचाही नाही."

"मासे कुठून आले?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"ते बाथरूममध्ये आहेत," मी सांगितलं. कुणीतरी माहिती द्यायला हवी होती.

तिने हॉटस्पॉट बंद केला आणि मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो शेपटीला धरलेल्या उंदरासारखा दूर धरला. "म्हणजे सकाळपासून मी मालिका बघत होते ती पण हेच अडवत होते," एवढंच बोलून त्या निघून गेल्या. 'तिथेच बसा' हे त्यांनी माझ्याविषयी काढलेलं एकुलतं एक कौतुक त्याच पावली परत गेलं.

आता सगळं संपलं असं समजून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अध्यक्षांनी समोरचा कागद उचलला, वाचला आणि बाजूला ठेवला.

"मॅडम, आमच्या यादीत शेवटचा प्रश्न असा होता," ते म्हणाले. "एखादा बिघाड ऐन वेळी, लोक बघत असताना, डोकं शांत ठेवून तुम्ही कसा शोधून काढलात त्याचं उदाहरण द्या. सगळ्यांना विचारतो. बहुतेक जण पुस्तकातलं सांगतात." त्यांनी बाजूच्या दोघांकडे बघितलं. टकल्या गृहस्थांनी मान डोलावली. "तुम्ही जिवंत उदाहरण आणलंत. तुम्हाला पहिल्या तारखेपासून यायला जमेल का?"

"जमेल, सर," बायको म्हणाली. कॉल संपल्यावर ती खुर्चीत तशीच बसून राहिली आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही हसलो. सासूबाई हॉलमधून बघायला आल्या आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. मला म्हणाल्या, "पँट बदला." मी इतका खूश होतो की तेही प्रेमाने म्हटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर त्या आनंदात मी मनातल्या मनात थोडं श्रेयही घेऊन टाकलं. मी नसतो तर बिघाड कुठून आला असता?

हे मी संध्याकाळी चहा घेताना बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, "अगदी खरं आहे," आणि माझा मोबाइल मागून घेतला. बराच वेळ ती त्यात काहीतरी करत होती. तिने सकाळपासून पहिल्यांदाच चहा पूर्ण प्यायला होता, म्हणून मी विचारलं नाही.

आता बायको रोज कामावर जाते. लॅपटॉपवर डोंगराच्या जागी तिचा पूल परत आलाय. घरचं वायफाय 'मुख्य टाकी'च आहे, माझ्या हॉटस्पॉटचं नाव तेवढं तिने बदललंय, आणि मी ते पुन्हा बदलू नये म्हणून लावलेल्या लॉकचा पासवर्ड मला दिलेला नाही. ऑफिसात नेट बंद पडलं की मी हॉटस्पॉट लावतो, घरी येताना तो बंद करायचं विसरतो. मी जिना चढून दाराशी पोचतो न पोचतो तोच सासूबाई मोबाइलवरून नजर न काढता आतल्या खोलीत हाक मारतात, "अगं, वायफायच्या यादीत 'बिघाड' आला बघ. फुल रेंज आहे, दार उघड."